समजून घेण्याचं वाक्य

"मॅडम, मला फोनवरून काढा," मावशी म्हणाली आणि कुणी बस म्हणायच्या आतच खुर्चीत बसली.

मावशी म्हणजे वीज-तक्रार कक्षातली सगळ्यात जुनी बाई. केस अजून काळेभोर, पण सगळा हॉल तिला मावशीच म्हणायचा. वीज गेली की लोक फोनवर तोंडाला येईल ते बोलायचे आणि ही जागची हलायची नाही. नवीन कुणी रडकुंडीला आलं की त्याचा फोन मावशीकडे द्यायचा, ही तिथली रीतच होऊन बसली होती.

मॅडम त्या कक्षाच्या प्रमुख होत्या. आधीच माणसं कमी. त्यात ही उठली तर हॉलचा बोजवारा उडणार, वरचे साहेब फाडून खाणार. सकाळपासून मॅडमचं डोकंही ठणकत होतं.

"लेखी तक्रारींवर बसवा मला. नाहीतर राजीनामा देते. घरी आईशी बोलायला माझा आवाजच धड राहत नाही."

एरवी मावशीला त्या अगं-तुगं करत. आता मात्र मऊ, सपाट आवाजात म्हणाल्या, "मी तुमची अडचण समजू शकते. आम्ही नक्की विचार करू."

मावशी थकलेलं हसली.

"मॅडम, हे वाक्य तुम्हीच शिकवलंत आम्हाला. समोरचा फोन ठेवत नसला की म्हणायचं."

मॅडमची कानशिलं तापली. मावशीला वाटेला लावायचं त्यांच्या मनातही नव्हतं. वाक्य आपलं आपण तोंडातून निघून गेलं होतं. मावशी पदर सावरून उठायला लागली.

"बस गं. आवाजाचं काय म्हणालीस? नीट सांग."

"आईला कमी ऐकू येतं. मोठ्यानं बोलावं लागतं. दिवसभर इथे शिव्या खाऊन गेलेली मी. मोठ्यानं बोलतेय की ओरडतेय, माझं मलाच कळत नाही. आता मी घरात पाऊल टाकलं की आई कानातलं यंत्र काढून डबीत ठेवते."

मॅडमच्या जिभेवर तसलीच दोन-तीन वाक्यं आली. त्यांनी ती गिळली. फार वाईट वाटलं त्यांना.

"उद्यापासून लेखीवर बस," शेवटी त्या म्हणाल्या. "वरून बोलणी येतील ती मी खाईन."

मावशीनं मान डोलावली, पण उठली नाही.

"थोडा वेळ इथेच बसू? बोलायचं काही नाहीये."

तेवढ्यात टेबलावरचा आतला फोन वाजला. वरचे साहेबच असणार. मॅडमनी रिसीव्हर उचलला आणि तसाच बाजूला ठेवून दिला. तो पडल्या पडल्या बराच वेळ 'हॅलो, हॅलो' करत राहिला.