आप्पांचा कान

लेकीनं आप्पांचं नवं श्रवणयंत्र आपल्या लॅपटॉपला जोडलं आणि त्याला नाव दिलं, ‘आप्पांचा कान’. “आता ओरडायला नको हो. हळू बोललीस तरी ऐकू येईल,” आप्पा हसले. दुसऱ्याच दिवशी ते गेले. यंत्र तिनं दवाखान्याला कुणा गरजूसाठी देऊन टाकलं.

पुढे एकदा वाचनालयात फुकटचं वायफाय लावताना ब्लूटूथही चालू झालं नि लॅपटॉपवर अनोळखी उपकरणांची नावं उमटू लागली. कुणी आत शिरतंय, या धास्तीनं ती झाकण मिटणार, तोच पडद्यावर आलं: ‘आप्पांचा कान जोडला गेला.’

“कोण आहे?” ती पुटपुटली.

खिडकीपाशी पेपर वाचणाऱ्या आजोबांनी कानामागचं यंत्र चाचपलं. “मला म्हणालीस का, बाळ?”



“हो,” ती हळूच म्हणाली. “माझा फार जीव आहे तुमच्यावर, आप्पा.”