मित्रबुरशी

संत्र्याच्या बागेत पाऊल टाकताच सोनिकाचं डोकं फिरलं. परवाच तिने शेणखतात मित्रबुरशी कालवून झाडांच्या बुंध्याशी घातली होती, आणि आज एकूण एक आळ्यात मोरचुदाचं निळं पाणी मुरत होतं. मुळं कुजवणाऱ्या रोगाला ही बुरशी संपवते, पण मोरचुदाच्या पाण्यात ती स्वतःच मरते, हे तिने बाबारावांना, आपल्या वडिलांना, दोनदा बसवून समजावलं होतं. तरी ही तिसरी खेप.

"बाबा, काहून टाकलं हे? किती सांगायचं तुम्हाले?"

"झाडं पिवळी पडून राहिली वं."

"पडतीन ना. बुरशीले मुळाशी जम बसवायले महिना-दीड महिना लागते. तेवढं थांबणं इतकं जड जाते का तुम्हाले?"

बाबारावांनी रिकामी बादली पालथी घातली आणि तिच्यावर टेकले. सोनिकाने हातातलं घमेलं आपटलं. कळमेश्वरच्या सगळ्या शेतकऱ्यांना पटवता येईल, पण घरच्या माणसापुढे डोकं फोडून उपयोग नाही, असं तिला वाटलं.

"तुही माय गेली नं," बाबाराव खाली मातीकडे बघत म्हणाले, "त्याच्या आधी धंतोलीतल्या डॉक्टरनंही असंच सांगितलं होतं. औषध हळूहळू लागू पडते, महिनाभर थांबा. मले दुसरीकडे न्यायचं होतं तिले. पण मी थांबलो."