माय मॅटवर आली
विद्यापीठाच्या संघासाठी चंद्रपुरात निवडीच्या कुस्त्या चालू होत्या. आम्रपालीला कुस्ती शिकायला लागून वर्षही झालं नव्हतं. समोरची ऊर्जानगरची मुलगी लहानपणापासून खेळत होती. पहिल्याच झटापटीत त्या मुलीचं डोकं आम्रपालीच्या नाकावर आदळलं, मॅटवर रक्त सांडलं, आणि पंचांनी थांबवायच्या आत तिने आम्रपालीला खाली दाबून तिचा हात पिरगाळला. आम्रपाली किंचाळली. ते ऐकून मोहर्लीहून आलेली तिची माय, अंजनाबाई, धावत मॅटवर शिरली. तिने जन्मात कुस्ती पाहिली नव्हती. “सोड वं तिले! मारून टाकतं का माझ्या पोरीले?” असं ओरडत तिने त्या मुलीचे केस धरले आणि फाडफाड थपडा लगावल्या. शिट्टी वाजली. “यांना आत्ता बाहेर ने, नाहीतर तुझी कुस्ती बाद,” पंच आम्रपालीला म्हणाले. “माय, हो बाजूले. हे भांडण नाई.” “रक्त येऊन राह्यलं तुले! चाल घरी.” अंजनाबाईने तिचा दुखरा हातच ओढला. तेव्हा आम्रपालीने वाकून मायच्या कमरेला मिठी घातली, तिला उचललं आणि मॅटबाहेर आपटलं. बांगड्या फुटल्या. आपण काय केलं हे कळून आम्रपाली मायकडे वळली, पण पंचांनी पुन्हा बोलावलं होतं. नाकात कापूस कोंबून ती उभी राहिली. अंजनाबाई मनगटावरचं रक्त पुसत जमिनीवरच बसली होती. ती त्या मुलीकडे बोट रोखून बेंबीच्या देठापासून ओरडली, “मले उचललं तसंच उचल तिले!” आम्रपालीने उचललं.