जेवणाआधीचे आभार

उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी बापाशी भांडून बस्त्याव घराबाहेर पडला. पुढे ईस्टर झाला, दोघी बहिणींची लग्नं झाली, पुतण्याचा बाप्तिस्माही उरकला. पण जेवणाआधीच्या प्रार्थनेत बाप इनास साऱ्या घरादाराची नावं घेई, तेव्हा या लेकाचं तेवढं गाळी. आई फिलोमिना मात्र रोज कान लावून बसे.

मेमधल्या त्या रविवारी इनासची प्रार्थना सुना, जावई, नातवंडं करत विहिरीच्या मोटारीपर्यंत पोचली.

"बाबा, कालवण निवतंय," धाकटी लेक पुटपुटली.

तेवढ्यात बस्त्याव मागच्या दारानं येऊन गुपचूप पानावर बसला. फिलोमिनानं घाबरून नवऱ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे घट्ट मिटलेले होते.

"आणि देवबापा," तो त्याच सुरात म्हणाला, "आत्ता पाय न धुता पानावर बसलेल्या बस्त्यावबद्दलही तुझे आभार. आमेन."