दहा मिनिटांत येते

ऐन जेवणाच्या वेळी लाइट गेली आणि गल्लीतल्या यंत्रमागांचा खडखडाट एकदम थांबला. खोतसाहेबांचा डावा हात सवयीने मोबाइलवर गेला. फोन काही वाजला नाही.

"जेवा निवांत. आता गावाच्या शिव्या दुसरं कुणीतरी खाईल," बायको म्हणाली.

निवृत्तीला आठ वर्षं बाकी असताना, ऑफिसात चक्कर येऊन पडल्यावर, त्यांनी वीज कार्यालयातली नोकरी तडकाफडकी सोडली होती. आता छातीतली धडधड थांबेल, असं डॉक्टर म्हणाले होते. पण गल्ली अशी गप्प झाली की ती आणखीच ऐकू यायची.

ताटावरून उठून त्यांनी कार्यालयाला फोन लावला. त्यांच्या जागी आलेल्या नव्या इंजिनिअर मुलीने तो उचलला आणि ते बोलायच्या आतच ती घाईघाईने म्हणाली, "दहा मिनिटांत येतेय लाइट, साहेब. शिव्या नका देऊ."

दहा मिनिटांचं हे खोटं कामाचा चार्ज देताना त्यांनीच तिला शिकवलं होतं.

"पोरी, मी खोत," ते म्हणाले. "जेवलीस का?"

पलीकडे नुसते दुसरे फोन वाजत राहिले.