कापलेला आवाज

पंखा बंद केल्यावर पप्पांच्या जुन्या हार्ड डिस्कचा आवाज स्पष्ट ऐकू आला. टक. थोडी घरघर. पुन्हा टक.

शर्लीनं सर्चच्या चौकटीत आधी 'पप्पा' लिहिलं. हिरवी पट्टी हळूहळू टोकाला गेली. काही सापडलं नाही. मग तिनं पप्पांचं नाव लिहिलं, 'गॉडफ्रे'.

"स्वतःच्या नावानं कोण फाइल ठेवतं?" शेजारी बसलेला धाकटा भाऊ रिचर्ड म्हणाला. "तू पण ना. कॉलेजात शिकवतेस आणि हे डोकं."

"तू सांग मग. कॉम्प्युटरवाला तू."

टक, डिस्क म्हणाली.

पप्पांना जाऊन महिना झाला म्हणून सकाळी देवळात त्यांच्यासाठी मिस्सा झाली होती. प्रवचन चालू असताना शर्लीनं त्यांचा आवाज आठवून पाहिला. शब्द आले. 'शर्ली, छत्री घेतलीस का' हे सगळं आलं, पण आवाज आला नाही. छापलेलं वाचावं तसे नुसतेच शब्द. ती मिस्सा संपायच्या आधीच बाहेर येऊन उभी राहिली होती.

भुईगावातली निम्मी लग्नं आणि जवळजवळ सगळी मयतं पप्पांनी शूट केलेली. डिस्कमध्ये नवऱ्या होत्या, मयताच्या पेट्या होत्या, पांढऱ्या कपड्यांतली कम्युनियनची मुलं होती. पप्पा कुठेच नव्हते. कॅमेऱ्यासमोर ते कधी आले नाहीत, फोनवर मेसेजला नुसता अंगठा पाठवायचे. शूटिंगमध्ये 'जरा पुढे या', 'हार नीट करा' असं त्यांचं सतत चालायचं, पण एडिटिंगला बसले की पहिलं काम तेच. स्वतःचा आवाज शोधून शोधून कापायचे आणि वर गाणं चढवायचे. "फोटोग्राफर दिसायला नको आणि ऐकूही यायला नको," म्हणायचे.

"ते कापलेलं कुठे जायचं?" शर्लीनं एकदम विचारलं.

रिचर्डनं तिच्याकडे पाहिलं. "एक फोल्डर होतं. 'कचरा' नावाचं. उडवून टाका, जागा अडते, असं मी किती वेळा सांगितलं. म्हणाले, असू दे, तुझ्याकडे खायला मागतं का?"

तिनं 'कचरा' लिहिलं. पट्टी सरकली आणि अर्ध्यावर एक पिवळं फोल्डर उगवलं. तिनं ते उघडायला घेतलं. फोल्डर खराब झालं आहे, वाचता येत नाही, अशी सूचना आली. डिस्क टक टक टक करू लागली.

"रिपेअर मारू?" रिचर्डनं विचारलं.

"आचोळ्याच्या कॉम्प्युटरच्या दुकानातला तो भूपेश नको म्हणाला होता ना?"

"लग्नं जातील म्हणून नको म्हणाला. लग्नं आपण काढून घेतलीत."

"मग भीती कसली?"

"नावं जातील. तुकडे हाती येतील, कुठला कुणाचा कळणार नाही. आणि मध्येच डिस्क बसली, तर तेवढंही नाही." तो थांबला. "तू सांग. मी नाही सांगणार."

शर्लीनं भिंतीकडे पाहिलं. तिथे मम्मीच्या मयताचा फोटो होता. पेटी देवळात न्यायच्या आधी घरचे सगळे तिच्याभोवती उभे राहतात, तसे उभे होते. तेव्हा कॉलेजात शिकणारी शर्ली, अर्ध्या चड्डीतला रिचर्ड, मार्गारेट आत्या. सगळ्यांची नजर एका जागी. पप्पा तेवढे नव्हते. "आज तरी कॅमेरा दुसऱ्याच्या हातात दे," आत्या म्हणाली होती. "दुसरा हलवेल," पप्पा म्हणाले. कडेला स्टँडवर व्हिडिओ चालू ठेवून त्यांनी फोटो स्वतःच काढला होता.

महिन्यापूर्वी पप्पांच्या पेटीभोवती सगळे उभे राहिले, तेव्हा कुणीतरी फोनवर फोटो काढला. त्यात आत्या खाली बघते आहे, फादर दाराकडे. रिचर्ड अर्धा बाहेर. कुठे बघायचं ते सांगायला कुणी नव्हतं.

"मार," शर्ली म्हणाली.

डिस्क बराच वेळ घरघरली. बाहेर वाडीत केळीची पानं वाऱ्यानं एकमेकांवर घासत होती. मग घरघर थांबली आणि पडद्यावर यादी आली. सगळी चिन्हं एकसारखी, पांढरी. नाव कुणालाच नाही, नुसते आकडे.

रिचर्डनं पहिल्या तुकड्याच्या आकड्यांमागे व्हिडिओ फाइलचं शेपूट जोडून तो उघडला. खरखर. दुसऱ्यात बँडचे दोन सूर, तेवढेच. तिसऱ्यात पडदा काळाच राहिला, पण आत बायका रडत होत्या. खुर्च्या सरकल्या. कुणीतरी अगदी जवळ खाकरलं.

"मार्गारेट, तू खिडकीच्या बाजूला. फादर, थोडं मागे."

रिचर्डचा हात माउसवर तसाच राहिला.

"रिचर्ड, मान वर. शर्ली, बाळ, मम्मीच्या अजून जवळ जा. जा, घाबरू नको."

शर्ली खुर्चीवरून उठली होती. कधी उठली ते तिला कळलं नाही.

"हां. आता कोणी हलू नका."

रडणं थांबलं. खोली शांत झाली, तिथली आणि इथलीही. माइकजवळ फक्त एक श्वास चालू होता. मध्येच अडकायचा, पुन्हा सुरू व्हायचा. खालचे आकडे पुढे सरकत राहिले.

रिचर्डनं बाहीनं नाक पुसलं. "संपलं वाटतं," तो म्हणाला आणि त्यानं माउसकडे हात नेला.

"हलू नकोस," शर्ली हळूच म्हणाली. "अजून फोटो काढला नाही त्यांनी."