नंबरवार

"एकशे अडतीस," नानासाहेब म्हणाले. त्यांनी पुस्तकाचं शेवटचं पान उघडलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि पान डोळ्यांजवळ धरून वाचलं. "कंपाउंडरनं केला खून. आपण उगंच डॉक्टरवर शक घेतो." मग फडक्यानं धूळ पुसून पुस्तक फळीवर एकशे सदतीसच्या शेजारी उभं केलं.

समोरच्या पलंगावर द्वारकाबाईंनी डोळे मिटून घेतले. डोळे मिटता येत होते. कान कसे मिटणार?

अर्धांगवायूनं त्यांचं उजवं अंग नेलं, वाचा नेली आणि अक्षरंही नेली. पानाकडं बघितलं की ओळी पळायला लागायच्या. ऐकू मात्र सगळं यायचं आणि कळायचंही. इन्स्पेक्टर वाघचौरे मालिकेचे एकशे ऐंशी भाग त्यांच्या घरात होते. औरंगपुऱ्यातलं भाड्यानं पुस्तकं देणारं दुकान बंद झालं तेव्हा त्यांनी शेवटचे भाग गठ्ठ्यानंच उचलले होते आणि महिन्याला एक, असे पुरवून पुरवून वाचत होत्या. आजार आला तेव्हा त्रेचाळीस शिल्लक होते. परवा पुण्याहून नात संस्कृती सुट्टीला यायची होती. "आजी, रोज एक वाचून दाखवते," असं ती फोनवर म्हणाली होती. त्या एका वाक्यावर द्वारकाबाईंनी दीड महिना काढला होता.

"पोरीला नंबरवार सापडले पाहिजेत," म्हणून नानासाहेबांनी सुताराकडून कपाट करून घेतलं. सकाळपासून ते माळ्यावरची खोकी उतरवून पुस्तकं लावत होते. पहिले एकशे सदतीस भाग त्यांनी न उघडता लावले.

सेवा करावी तर नानासाहेबांनी, असं सगळी कॉलनी म्हणायची, आणि ते खोटं नव्हतं. दर दोन तासांनी कूस बदलायची. एकच्या ठोक्याला पेज, चमच्याचमच्यानं. एक दिवस चुकला नाही. असा माणूस छळतो हे सांगायचं कुणाला, आणि सांगायचं तरी कोणत्या तोंडानं?

"एकशे एकोणचाळीस. सावत्र बहीण. ती तर मेलेलीच नव्हती, बघ."

द्वारकाबाईंनी मनातल्या मनात रामरक्षा म्हणायला घेतली. खुन्याचं नाव नेमकं मधे घुसायचं आणि पुढची ओळ विसरायची. एकशे चाळीस गेला, एकशे एक्केचाळीस गेला. डोळ्यांतून पाणी कानाकडं ओघळलं. नानासाहेबांनी हातातलं पुस्तक ठेवलं, जवळ येऊन धुतलेल्या रुमालानं ते टिपलं आणि उशी सारखी केली.

"चाळीस वर्षं हापिसातून भुकेजून यायचो," ते शांतपणे म्हणाले. "जेवाय वाढ म्हणलं की तू काय म्हणायची? एवढं प्रकरण संपू द्या. भाजी गार, भाकरीचं कातडं. लई प्रकरणं होती तुझी." त्यांनी रुमालाची घडी केली. "राग नाय बरं का. मी आपलं सांगतो."

आणि ते परत खोक्याकडं गेले.

एकशे एक्कावन्नावा भाग उघडल्यावर मात्र ते थबकले. "वाघचौऱ्यांनी कवळी टेबलावर ठेवली," त्यांनी मोठ्यानं वाचलं. "यमुनाकाकूंनी ती पदरानं पुसली आणि म्हणाल्या, बसा, चहा ठेवते. समाप्त." त्यांनी पान उलटून मलपृष्ठ बघितलं. "हे काय? खून केला कोणी?"

द्वारकाबाईंनी डोळे उघडले. त्यांनाही माहीत नव्हतं.

नानासाहेब एक पान मागं गेले. मग दोन. मग दहा. "कवळी विहिरीत कशी गेली पण?" असं पुटपुटत ते स्टुलावर टेकले, आणि थोड्या वेळानं त्यांनी पुस्तक बंद करून पहिल्या पानापासून उघडलं. इतक्या वर्षांत त्यांनी गोष्टीचं पुस्तक असं हातात धरलेलं द्वारकाबाईंनी कधी पाहिलं नव्हतं. घरात पेपर ते मोठ्यानं वाचत, गल्लीला ऐकू जाईल असा. आताही वाचतील, आत्ता एखादी ओळ तोंडातून निघेल, म्हणून द्वारकाबाई श्वास धरून वाट बघत राहिल्या. त्यांचा सगळा राग त्या ओळीसाठी खोळंबला.

ओळ काही आली नाही. नानासाहेब ओठ मिटून वाचत होते. एका ठिकाणी ते खुदकन हसले. एका ठिकाणी "अरे बापरे" म्हणाले. काय झालं ते सांगितलं नाही.

घड्याळात एक वाजला. मग सव्वा, मग दीड. पेज स्टुलाशेजारच्या वाटीत होती, वर साय धरली होती. द्वारकाबाईंना भूक लागली होती. लागलं तर वाजवायला डाव्या हाताशी चमचा ठेवलेला असायचा. तो त्यांनी मोठ्या कष्टानं उचलला आणि पलंगाच्या दांडीवर वाजवला. एकदा. मग पुन्हा.

नानासाहेबांनी मान वर केली नाही. नुसता तळहात उचलला.

"थांब गं," ते म्हणाले. "एवढं प्रकरण संपू दे."

त्यांनी पान उलटलं.